आढं, बार आणि बीम

आमच्या पडवीत दोन खांबांच्या मधे एक लोखंडी पाईप आहे. सव्वा इंची, पाण्याच्या लाईनीला असतो तसला. त्याच्यावर बाराही महिने काही ना काही टांगलेलं असतं. लसणाच्या जुड्या, बियाण्याला राखलेली शिराळी, वाळलेला दुधी. नवीन माणूस घरी आला की म्हणतो, दादा, माळा टांगायला पाईप बरा लावलात. मी हो म्हणतो. खरं म्हणजे तो पाईप मी 2016 साली माझ्या थोरल्या मुलाला पोलीस करण्यासाठी लावला होता.

आमचं गाव कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या वाटेला. एके काळी सगळी भातशेती, आता अर्धी शेती आणि अर्ध्या चाळी. आमच्या बाजूच्या सत्तावीस गावांची तर निराळीच गंमत आहे. 1983 साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत घातली, 2002 साली बाहेर काढली, 2015 साली परत आत. या आत-बाहेरमधे शेतीवर पोट भरणारी पोरं कमी झाली आणि भरतीच्या मागं लागलेली पोरं वाढली. पहाटे पाच वाजता रस्त्यानं बघा, गाडीच्या उजेडात धावणारे पाय दिसतात. आणि प्रत्येक गावात कुठंतरी, मैदानाच्या कडेला नाही तर मंदिराच्या मागं, दोन खांबांवर आडवा पाईप.

आम्ही लहान होतो तेव्हा असा पाईप गावात नव्हता. लोंबकळणं मात्र होतं. घराच्या तुळईला लोंबकळायचं, त्यालाच आम्ही 'आढ्याला लोंबकळणं' म्हणायचो. आढं खरं तर पार वर, छपराच्या मध्यावर, तिथं हात कोणाचा पोचतो! पण बोलायची रीत तशी. आंब्याच्या फांदीला, गोठ्याच्या वाशाला, जिथं हात पोचेल तिथं आम्ही. आजी ओरडायची, "नको र पोरा, झारावरशी परशील!" आम्ही पडायचोही.

का लोंबकळायचो? खेळ म्हणून. आणि उंची वाढते म्हणून. ही समजूत अजून आहे. पोलीस भरतीला पुरुषाला 165 सेंटीमीटर उंची लागते, म्हणून एक-दोन सेंटीमीटर कमी असलेली पोरं आजही तासन्‌तास पाईपाला टांगून घेतात. त्यांना सांगायला जीवावर येतं, पण सांगतो. लोंबकळून हाड लांब होत नाही. उंची येते ती आईबापाकडून आणि लहानपणच्या खाण्यातून, आणि हाडांची वाढ एकदा थांबली की थांबली. माणूस सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा थोडा उंच भरतो, कारण रात्रभर आडवं पडल्यानं मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या असतात. लोंबकळल्यावर तेवढाच फरक पडतो आणि तो तेवढ्यापुरताच टिकतो. उलट बाजूची भीतीही खोटी. बार मारला म्हणून पोराची उंची खुंटत नाही.

'बार' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आजाच्या तोंडून. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणच्या शेजारी मोठी लष्करी छावणी केली. फाळणीनंतर तिथल्या बराकींमधे सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव पडलं. आजही तिथं पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प पाच असंच सांगतात, ते त्या छावणीचंच उरलेलं. आजा छावणीत भाजी आणि पेंढा घेऊन जायचा. तो सांगायचा, गोरे आणि काळे दोन्ही सोल्जर सकाळी लोखंडाच्या दांड्याला लोंबकळून वर-खाली करायचे आणि बाजूला एक जण मोजत उभा असायचा. आजाला त्या मोजण्याचं फार हसू यायचं. "भाताचं मोजतात, पैशाचं मोजतात. लोंबकलायचं कसलं मोजतात?"

पुढं मी कल्याणला हायस्कुलात गेलो तेव्हा शाळेच्या मागं तसाच दांडा होता. सिंगल बार. शेजारी डबल बार आणि वाळूचा हौद. आमचे पीटीचे सर तालमीत वाढलेले होते. ते व्यायामाच्या तासाला गोष्टी फार सांगत, आणि त्यांच्यामुळेच मला या विषयाची गोडी लागली. त्यातल्या काही नंतर मी पुस्तकांतून ताडून बघितल्या.

त्यांची आवडती गोष्ट बाळंभट्टदादा देवधरांची. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन पैलवान आले आणि पेशव्यांच्या पदरी कोणी जोडीचा असेल तर उभा करा म्हणाले. कोणी पुढं होईना. पोरसवदा देवधर उठला आणि त्यानं मुदत मागून घेतली. वणीला सप्तशृंगीच्या गडावर जाऊन त्यानं आराधना केली आणि माकडांची झाडावरची चपळाई बघून मल्लखांबाची विद्या उचलली, अशी आख्यायिका आहे. परत येऊन त्यानं अलीला चीत केला, आणि गुलाबनं लढतच दिली नाही म्हणतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी देवधरांनी मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आता गंमत बघा. दुसरा बाजीराव पेशवा होता 1796 ते 1818. त्याच काळात तिकडं जर्मनीत, बर्लिन शहराच्या बाहेर हाझेनहाईडे नावाच्या जागी, फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या मास्तरानं 1811 साली उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. नेपोलियननं त्यांच्या राज्याला हरवलं होतं, पोरं तगडी झाली पाहिजेत हा त्याचा ध्यास. त्याच्या मैदानावर आडवा दांडा आणि जोडदांडे आले, तेच आपले सिंगल बार आणि डबल बार. पोरं तगडी होतात म्हटल्यावर तिथल्या राजाला धास्ती पडली. 1819 साली यानला अटक झाली आणि ती मैदानं बरीच वर्षं बंद राहिली. पुढं तो दांडा लष्करांमधे आणि शाळांमधे पसरला. 1896 साली अथेन्सला पहिली नवी ऑलिंपिक झाली त्यातही तो होता. म्हणजे एकाच काळात इकडं एका माणसानं खांब उभा धरला आणि तिकडं एकानं दांडा आडवा. दोघांनाही हरल्याचा नाही तर हरण्याचा सल होता. पुढं 1936 साली त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले, हेही सरांनी सांगितलेलं.

पण गोष्टीपेक्षा सरांचा एक नियम महत्त्वाचा होता. आम्ही पोरं बारवर चढाओढ करायचो. एखादा थरथरायला लागला, हनुवटी वर जाईना, पाय झाडायला लागला, की सर त्याच्या कमरेला धरून खाली उतरवायचे. "अर्धी ताकद इथं, अर्धी घरी घेऊन जा." हे सरांच्या पदरचं नव्हतं. सुश्रुतानंच सांगून ठेवलंय की व्यायाम अर्ध्या बळानं करावा, आणि श्वास तोंडावाटे यायला लागला की ती अर्ध्या बळाची खूण समजावी. आणि सरांचा दुसरा नियम, आज बार केला त्यानं उद्या बारला हात लावायचा नाही. उद्या धावा, नमस्कार घाला, बैठका मारा. आम्ही विचारलं, सर, पैलवान तर रोज शेकड्यानं जोर मारतात. सर म्हणाले, "जोर मारताना पाय जमिनीवर असतात ना? निम्मा भार जमीन घेते. बारवर तुझा सगळा देह दोन तळव्यांवर टांगलेला. धरणीमाय तिथं मदतीला नाही."

हे वाक्य मी विसरलो नव्हतो. तरी वेळेला ते कामाला आलं नाही.

माझा थोरला बारावी झाला, दोन वर्षं इकडंतिकडं केली आणि मग म्हणाला, बाबा, मी पोलीस भरती करतो. तेव्हा मैदानी चाचणी 100 गुणांची होती. धावणं दोन तऱ्हेचं, लांब आणि 100 मीटर, मग गोळाफेक, लांब उडी आणि पुलअप्स. प्रत्येकाला 20 गुण. दहा पुलअप्स पुरे काढले की पूर्ण 20. याला धावण्यात अडचण नव्हती, आमच्या घरात पाय सगळ्यांचे चांगले. पुलअप्स मात्र तीन निघायचे, चौथा लटपटत. मी म्हणालो, दहा पुलअप्स म्हणजे काय मोठं? तुझा आजा ताडावर चढायचा.

त्याच आठवड्यात पाईप आणला आणि खांब खोदून सिमेंटमधे बसवला. तेवढं मी नीट केलं, म्हणून सांगतो. बार पडून लागलेली माणसं मी बघितली आहेत. दारात स्क्रूनं दाबून बसवायचा दांडा मिळतो, तो घसरून एक पोरगा पाठीवर पडला. झाडाला सुतळीनं बांधलेला पाईप फिरतो. हात लावण्याआधी पाईप हलतो का बघायचं, गंज बघायचा, ओला असला तर पुसायचा.

पाईप नीट लावला, पण बाकीचं सगळं मी बिघडवलं. मुलगा एका भरतीच्या क्लासला जायचा, तिथं रोज सकाळी पुलअप्स. घरी आला की संध्याकाळी माझ्यासमोर पुन्हा. मी खाटेवर बसून मोजायचो. आजानं ज्या मोजण्याला हसून घेतलं तेच मी करत होतो! चार झाले की पाच म्हण, पाच झाले की एक अंडं जास्त. आकडा भराभर वाढला. तीन आठवड्यांत सहा, दीड महिन्यात आठ. गावात सांगत सुटलो. दुसऱ्या महिन्यात त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. मी म्हणालो, दुखतंय म्हणजे ताकद येतेय. मग खांदा. सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालताना तोंड वाकडं करायचा. बायको म्हणाली, "पोराला दोन दिस सोडा, बैलालाबी सुट्टी असते." मी ऐकलं नाही. तारीख जवळ आली होती.

भरतीला अठरा दिवस उरले असताना हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी हात फिरवून बघितला आणि मलाच विचारलं, रोज किती? मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "काका, मांस दोन दिवसांत सावरतं. पण मांस हाडाला बांधणारी जी दोरी असते, टेंडन, तिला रक्त कमी मिळतं, ती सावकाश तयार होते. याचं मांस आठ पुलअप्सला तयार झालं, दोरी अजून चारवरच आहे. ती सुजली आहे." सहा आठवडे लोंबकळायचं नाही म्हणाले. आपल्याकडे अठरा दिवस.

ठाण्याला साकेतच्या मैदानावर तो गेला. मी बाहेर थांबलो होतो. सात निघाले, आठव्याला हनुवटी दांड्याच्या खाली राहिली. गोळाही त्याच खांद्यानं फेकायचा होता. यादी लागली तेव्हा चार गुणांनी राहिला. पुढच्या वेळेला बघू म्हणालो. 2019 साली शासनानं नियमच बदलले. मैदानी 50 गुणांची झाली, लांब उडी गेली आणि पुलअप्सही गेले. ज्या दहासाठी खांदा घालवला ते दहा आता कोणी मागत नव्हतं. तोपर्यंत पोरानं टेम्पो घेतला होता. भाजीच्या जाळ्या उतरवताना अजून तो उजवा हात आधी खाली घेतो आणि मग उचलतो. मला ते दिसतं. त्यानं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही, ते तर जास्तच लागतं.

मग मी विचार करत बसलो की माझा बाप रोज ताडावर चढायचा, त्याचा खांदा कसा गेला नाही? आमची आई दिवसाला पन्नास-साठ घागरी विहिरीतून शेंदायची, हातावर हात टाकून दोर ओढायची. ते पुलअप्सच की, फक्त दोर खाली येतो आणि आपण जमिनीवर असतो. गावातल्या बायकांच्या पाठी तेव्हा पैलवानासारख्या होत्या, कोणी कौतुक केलं नाही एवढंच. त्यांचं दुखत नव्हतं असं नाही. पण त्यांची सवय सातव्या-आठव्या वर्षापासून थोडी थोडी वाढलेली, आधी लोटा, मग कळशी, मग घागर. आवणीला एक काम, कापणीला दुसरं, भारे वाहायला तिसरं. एकच ओढ, तीच तऱ्हा, दम संपेपर्यंत, आणि उद्या पुन्हा एक जास्त, असं शेतात कोणी करत नाही. ते भरतीनं शिकवलं. भरतीलाही दोष कशाला देऊ, तिला कुठंतरी आकडा लावावाच लागतो. आकड्यापर्यंत जायची घाई माझी होती.

शहरातल्या बागांमधे हल्ली ओपन जिम झाल्यात, ठाण्यात, डोंबिवलीत सगळीकडे. तिथं मी पोटं सुटलेली, ऑफिसला जाणारी चाळिशीची माणसं बारला झोंबताना बघतो. उडी मारून धरतात, पाय झाडून झोका घेतात आणि कशीतरी हनुवटी टेकवतात. डोंबिवलीचा माणूस तसाही रोज लोकलमधे कडीला तासभर लोंबकळून मुंबईला जातो, हाताची पकड त्याची चांगलीच असते! पण झोक्यानं खांद्याला हिसका बसतो. त्यापेक्षा पाय जमिनीला टेकवून अर्धा भार घ्यावा. नाही तर स्टुलावर चढून हनुवटी वर ठेवूनच सुरुवात करावी आणि सावकाश, पाच आकडे मोजत, खाली यावं. वर जाण्याची ताकद खाली येण्यातून येते, हे मला उशिरा कळलं. ज्याला एकही निघत नाही त्यानं आधी नुसतं लोंबकळावं, पण खांदे कानाला चिकटवून मढ्यासारखं नाही. पाठीचे फरे खाली ओढून धरावेत. श्वास कोंडू नये. रक्तदाब वाढलेला असेल, खांदा कधी निखळला असेल, त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. तळवे आपल्याकडे करून धरलं तर दंडाची बेटकुळी जास्त मदत करते आणि ते सोपं जातं. नव्या माणसानं तसंच सुरू केलेलं बरं.

रोज करावं का, हा प्रश्न मला आता पोरं विचारतात, कारण माझी फजिती गावाला माहीत आहे. मी म्हणतो, आठवड्यात तीन दिवस, मधे एक एक दिवस मोकळा. नवीन असेल त्याला दोनही पुरे. आणि दम संपेपर्यंत नाही, अजून दोन निघतील असं वाटत असताना उतरायचं. मांस थरथरलं, दुसऱ्या दिवशी पाठ भरून आली, तर ते चालतं. खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपराच्या आत टोचल्यासारखं दुखलं की त्या दिवशी बार बंद. पोरं म्हणतात, अमका तर रोज मारतो, त्याला काही होत नाही. असेल बाबा. जिम्नॅस्टिक्सची पोरं रोज दांड्यावर असतात, डोंबिवलीच्या भोईर जिमखान्यात जाऊन बघा. पण ती लहानपणापासून त्यात आहेत, शिकवणारा समोर उभा आहे, आणि रोज एकच गोष्ट करत नाहीत.

गेल्या वर्षीपासून धाकट्या भावाचा मुलगा लष्कराच्या मागं लागला आहे, अग्निवीर. तिथं पुलअप्स अजून आहेत, पोरं त्याला बीम म्हणतात. दहा बीमला 40 गुण, सहाच्या खाली आलात तर बाहेर. तो आमच्या पडवीत आला आणि पाईपाकडे बघून म्हणाला, काका, हा वापरू का? मी काहीच बोललो नाही. माझा थोरला तिथंच टेम्पोचा टायर धुवत होता. तो हात पुसत उठला, लसणाच्या जुड्या उतरवल्या, पाईप हलवून बघितला आणि म्हणाला, "किती महिने आहेत तुझ्याकडे?"

"सात."

"मग चालेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी मोजणार."

तो मोजतो, पण मोठ्यानं नाही. पोरगा आठवा काढून नवव्याला जायला लागला की खालून म्हणतो, उतर, दोन ठेव. मी खाटेवर गप्प बसतो. बायकोला मात्र कटकट झाली आहे. सोमवारी सकाळी शिराळी उतरवायची, मंगळवारी परत टांगायची, बुधवारी परत उतरवायची. परवा ती म्हणत होती, बियाण्यासाठी आता दुसरा पाईप लावा.